पोटरी दाबून बघायला तिथे कुणीतरी हवं

प्रश्न असा आहे. एक तरुण डॉक्टर पुण्यात नोकरी करतात, मूळ गाव देवगड तालुक्यात. गावाजवळ टॉवर झाला, घरोघरी फोन आले, तेव्हा त्यांनी दर रविवारी सकाळी दोन तास व्हिडिओ कॉलवर गावातल्या रुग्णांना विनामूल्य सल्ला द्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात चाळीसेक जण आले, चौथ्या महिन्यात दोन. गावात त्यांच्याबद्दल आदर आहे, कुणाची तक्रारही नाही. तरी लोक पुन्हा रिक्षा करून तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ लागले. "टेलिमेडिसिन कोकणात रुजत का नाही? नेमकं अडतं कुठे?" असं त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टर, मी गेली सव्वीस वर्षं राजापूर तालुक्यात फिजिशियन म्हणून काम करते. लांबून सल्ला देणं आमच्या पिढीला नवं नाही. लँडलाईन होती तेव्हा आडगावच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर रात्री फोन करायचा, आम्ही सांगायचो, तो करायचा. तेव्हा नुसता आवाज यायचा, आता ईसीजीचा फोटो येतो. एवढ्या वर्षांत जे दिसलं त्यावरून माझं उत्तर आधीच सांगते. तुमच्या रविवारच्या कॉलमध्ये दोनच माणसं होती, तुम्ही आणि रुग्ण. रुग्णाच्या शेजारी बसून त्याच्या अंगाला हात लावणारं आणि फोन ठेवल्यावर पुढचं काम तडीस नेणारं तिसरं माणूस नव्हतं. कोकणात ही पद्धत सगळ्यात जास्त तिथे अडते. रेंज, वीज, भाषा, कायदा, पैसा या अडचणीही आहेत आणि त्यांच्याबद्दल खाली लिहिते, पण त्या सगळ्या सुटल्या तरी हे माणूस नसेल तर तुमचा चौथा महिना असाच जाईल.

जुलैतला एक रुग्ण घ्या. लावणी चालू आहे. चाळिशीचा माणूस, दिवसभर चिखलात उभा, दोन दिवस ताप, अंग मोडून आलंय. फ्लू, डेंगी, हिवताप, लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), सगळ्यांची सुरुवात अशीच दिसते. लेप्टोची शंका मला पक्की होते ती पोटरी दाबल्यावर तो कळवळतो तेव्हा, डोळ्याचा पांढरा भाग लाल आहे पण चिपडं नाहीत हे दिसतं तेव्हा, आणि लघवी कमी झाल्याचं तो सांगतो तेव्हा. डोळा कॅमेऱ्यात दिसेल असं आपल्याला वाटतं, पण माजघरातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येकालाच कावीळ झालेली दिसते. म्हणून मी रुग्णाला आधी खळ्यात किंवा पडवीच्या कडेला उजेडात बसवायला सांगते. पोटरीचं मात्र कॅमेऱ्यातून काहीच कळत नाही. त्यालाच दाबायला सांगितलं तर तो "दुखता" म्हणणार, कारण लावणीच्या दिवसांत पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात. किती जोर दिला की किती कळ आली, हे शिकलेल्या हातालाच समजतं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत सुरू झालं तर असे बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात. दोन-तीन दिवस नुसत्या पॅरासिटामॉलवर गेले तर मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं धोक्यात येतात, आणि मग त्या माणसाला घेऊन घाट चढावा लागतो. तुमच्याकडून असा एक जरी रुग्ण हुकला असता, तर गावाने तुम्हाला बोल लावला नसता, पण तो पुन्हा फोनवर आला नसता. लोकांना ही जोखीम शब्दांत मांडता येत नाही. ते एवढंच म्हणतात, "डॉक्टर चांगलो, पण हात लावन बघूक नाय." या वाक्याला मागासलेपणा समजू नका. वैद्यकीय दृष्टीने ते बरोबर आहे.

घरातली यंत्रं हाताची जागा घेतील असं पुष्कळांना वाटतं. मलाही काही काळ वाटलं होतं. एका मे महिन्यात माझ्या एका जुन्या मधुमेही रुग्णाने व्हिडिओवर ग्लुकोमीटरचा आकडा दाखवला, ४१२. आदल्या आठवड्यात साखर आटोक्यात होती. मी इन्सुलिन वाढवायला सांगणार होते, तेवढ्यात मागे टोपलीत चिरलेले हापूस दिसले. त्यांना साबणाने हात धुऊन, पुसून, पुन्हा थेंब घ्यायला सांगितलं. आकडा आला १६८. बोटावरचा आंब्याचा रस त्या थेंबात उतरला होता. ती टोपली कॅमेऱ्यात आली नसती तर मी वाढवलेल्या इन्सुलिनने त्या रात्री त्यांची साखर पार खाली गेली असती. ही भीती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्यानंतर आकडा ऐकण्याआधी "हात धुतलेत का?" हा माझा पहिला प्रश्न असतो. पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण नीट लावलेलं नसेल तर आपल्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि यंत्र काहीही सांगतं. बीपीच्या यंत्राचा पट्टा लोक सदऱ्याच्या बाहीवरूनच बांधतात. नुकत्याच शेतातून आलेल्या बाईची बोटं गार पडलेली असतात, त्यावर ऑक्सिमीटर लावला की ऑक्सिजन खाली गेलेला दिसतो आणि घरात रडारड सुरू होते. आकडे दुरून येतात तेव्हा ते कुणी, कसे घेतले हे कळलं नाही तर त्यांच्यावर उपचार ठरवणं धोक्याचं आहे.

आता उलट बाजू सांगते, कारण हीच पद्धत जिथे बसते तिथे ती जीव वाचवते. फुरसं हा विषारी साप आपल्या कातळावर पायाखाली येतो. काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमाराला एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला. डॉक्टर मुलगी दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली, सापाचं विष उतरवण्याचं इंजेक्शन कपाटात होतं, पण ते द्यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. साप कुणी बघितला नव्हता, पायाला सूज होती, एवढंच. मी तिला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायला लावली. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. मी दोनदा विचारलं, नळी काचेची आहे ना, प्लास्टिकची नाही ना? साबणाने धुतलेली नाही ना? कारण दोन्ही प्रकारांत चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण फसतो. वीस मिनिटं आम्ही दोघी फोनवरच होतो. रक्त गोठलं नाही. ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायला सांगितलं आणि दहा कुप्या सुरू करून घेतल्या. सकाळी रुग्ण बोलत होता.

त्या रात्री व्हिडिओ नव्हता, ॲप नव्हतं, रेंजही दोनदा गेली. तरी काम झालं, कारण तिकडे प्रशिक्षित हात होते, औषध कपाटात होतं आणि माझ्या सांगण्याचा अर्थ कळणारं माणूस होतं. विंचवाचंही तसंच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि जो दंश जीव घ्यायचा तो बहुतांशी बरा होऊ लागला. ते त्यांना कळलं ते रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून. आज तेच ज्ञान मी फोनवर अर्ध्या मिनिटात एखाद्या उपकेंद्रापर्यंत पोचवू शकते. फोन हे काम उत्तम करतो. उशाशी बसून जे शिकायचं ते मात्र त्याच्याने होत नाही.

म्हणून ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेची रचना मला मुळात बरोबर वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला घेऊन बसणार आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर असणार, अशी ती मांडणी. रुग्णाने घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलण्याचा भाग टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये आला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात दहा कोटींहून अधिक सल्ले तिच्यावरून दिले गेले. हा आकडा लहान नाही. महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकारी बरेचसे बीएएमएस आहेत, म्हणजे नाडी, छाती, पोट बघायला शिकलेले आहेत. तुमच्या गावाच्या उपकेंद्रातही असं कुणी बहुधा असेल. तुम्ही त्यांना विचारलं होतं का? तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

पण ही रचना चालवताना ती कुठे घसरते तेही सांगायला हवं. एका उपकेंद्रात मी स्वतः बसून बघितलं आहे. महिन्याला इतके कॉल झालेच पाहिजेत असा तगादा, म्हणून सर्दी-खोकल्याचे, ज्यांना कॉलची गरजच नाही असे रुग्ण दुपारी रांगेने जोडले जात होते. पलीकडच्या डॉक्टरला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. ज्या आजीची धाप खरोखर काळजीची होती तिचा नंबर येईपर्यंत लाईट गेली. तिथल्या मुलीचा दोष नव्हता, ती रडवेली झाली होती. कॉल किती झाले हे मोजणं सोपं आहे. कॉलनंतर रुग्णाचं काय झालं हे मोजायला कष्ट पडतात, आणि तेच कुणी करत नव्हतं.

पलीकडच्या डॉक्टरला मुलूख माहीत नसणं, ही आणखी एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नकाशावर दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात. मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोट चालू असेल तर काही मिनिटांचं अंतर, बंद असेल तर थेट चिपळूणकडून वळसा. लांब शहरात बसलेला डॉक्टर "जवळच्या रुग्णालयात लगेच न्या" म्हणतो आणि फोन ठेवतो. कुठल्या? संध्याकाळी सातनंतर कुठलं गाठता येईल? तिथे भूलतज्ज्ञ आज आहे का? दक्षिणेकडचे रुग्ण गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, मधल्या पट्ट्यातले घाट चढून कोल्हापूरला, उत्तरेकडचे मुंबईला. दरड कोसळली की हे सगळे हिशेब बदलतात. १०८ ला फोन लावायचा की गावातल्या जीपवाल्याला उठवायचं, हा निर्णयसुद्धा वैद्यकीयच आहे आणि तो इथल्याच माणसाला घेता येतो. तुम्ही देवगडचेच आहात, तेव्हा तुम्हाला हे माहीत आहे. फक्त ते तुमच्या रविवारच्या दोन तासांत कुठेतरी बसवलं पाहिजे.

आणि औषध. आपल्याकडे गावातला डॉक्टर तपासतो आणि औषधही तोच देतो. पन्नास-शंभर रुपयांत तपासणी, तीन दिवसांच्या गोळ्या, लागलीच तर सुई. रुग्ण घरी जातो तो औषध घेऊनच. तुमचा सल्ला फुकट होता, पण तो संपला एका कागदाच्या फोटोवर. औषधाचं दुकान अठरा किलोमीटरवर. एसटी सकाळी आणि संध्याकाळी. रिक्षा केली तर जाऊन-येऊन चारशे रुपये. एवढं करून दुकानापर्यंत जायचंच असेल तर तिथल्या डॉक्टरला हात लावून दाखवून का येऊ नये? तुमच्या रुग्णांनी हा हिशेब केला आणि तो बरोबर केला. त्यातून दुकानदार फोनमधला फोटो बघून औषध द्यायला कचरतो, कारण त्यावर तुमचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, सही नीट दिसत नसेल तर उद्या त्याला जाब द्यावा लागेल. माझ्याकडे यावर साधा तोडगा आहे. मी ज्या दोन-तीन गावांना फोनवर बघते, तिथे आशाताईकडे नेहमीच्या रुग्णांची यादी असते, तालुक्याचा एक दुकानदार ठरलेला आहे, पुडकं वस्तीच्या एसटीने जातं आणि रात्री ती ते घरोघरी पोचवते. ही साखळी लावायला मला वर्ष लागलं. व्हिडिओ कॉल सुरू करायला एक संध्याकाळ लागली होती.

औषधांवरून आठवलं, पहिल्याच कॉलला रुग्णाला त्याचा डबा आणायला सांगत जा. प्रत्येक घरात एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात मुंबईच्या, कणकवलीच्या, कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र असतात. तो कॅमेऱ्यासमोर उपडा करायला लावा आणि एकेक पट्टी वाचा. एका आजोबांच्या डब्यात मला तीन वेगवेगळ्या नावांनी मधुमेहाचं एकच औषध, मेटफॉर्मिन, सापडलं होतं आणि ते तिन्ही इमानाने घेत होते. आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीच्या चौदा अंकी आभा क्रमांकाचं कार्ड पुष्कळांकडे असतं, तेही त्याच डब्यात. पण कार्ड आहे म्हणून जुने रिपोर्ट त्यात सापडतील असं धरून चालू नका. मला तरी ते क्वचित सापडले.

रेंजबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ बोललं जातं. आपल्याकडे रेंज वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर असते आणि वाडी खाली वहाळाच्या, ओढ्याच्या काठाला. टॉवर झाला तरी खालच्या पाच-सहा घरांत व्हिडिओ थांबत थांबत चालतो. मग माणसं वर सड्यावर येऊन, ठरलेल्या झाडाखाली उभी राहून बोलतात. त्या झाडाखाली आणखी चारजण फोनवर असतात. अंगावरून पांढरं जातं, गेले तीन महिने पाळी आली नाही, नवरा मारतो, हे तिथे कोण बोलेल? फोनही बहुतेक घरांत सुनेचा स्वतःचा नसतो. तुमच्या चाळीस रुग्णांत तिशीच्या आतल्या बायका किती होत्या ते आठवून बघा. उपकेंद्रातली दार लावता येणारी खोली हे टेलिमेडिसिनचं टॉवरइतकंच गरजेचं उपकरण आहे.

वीज जाते तेव्हा तर सगळंच जातं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं आणि दापोली, मंडणगडच्या कितीतरी गावांत पुढे अनेक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. तेव्हा करोनाच्या टाळेबंदीने दवाखाने आधीच दूर गेले होते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माणसांच्या औषधांबरोबर त्यांच्या फायलीही गेल्या. म्हणून माझ्या नेहमीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी भिंतीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, एक कागद टांगलेला असतो. आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, आणि कधी फोनची वाट न बघता थेट निघायचं याच्या चार ओळी, मोठ्या अक्षरात.

आता रुग्णाचा तो मुंबईतला मुलगा. तुमच्याकडेही निम्मे कॉल त्याच्यामार्फत आले असणार. तो वेळ ठरवतो, तो तिसऱ्या चौकटीत हजर असतो, आणि प्रश्न आईला विचारला तरी उत्तर तोच देतो. "तिला रात्री झोप लागत नाही, बाकी ठीक आहे." आई मान डोलावते. मुलाचा जीव खरोखर तुटत असतो, यात शंका नाही. पण मी आता प्रत्येक वेळी त्याला विनंती करते की पाच मिनिटं तू बाहेर जा, मग तुला मी स्वतः फोन करते. एकदा मुलगा गेल्यावर एक आजी हळूच म्हणाल्या, "जिनो चढताना छातीत आवळता. त्याका सांगू नकात, डॉक्टर. उगीच धावत येतलो." तीन महिने ते दुखणं "पित्त" या नावाने चाललं होतं. त्या बाई आज आहेत. मुलाला काय सांगायचं ते त्यांच्याच संमतीने ठरवलं.

भाषेची अडचण मी भाषांतराची मानत नाही. ॲपवर मराठी आलं तरी "तुम्हाला छातीत वेदना होतात का?" या प्रश्नाला आमच्याकडच्या निम्म्या बायका नाही म्हणतील, कारण त्यांना वेदना होत नाहीत, त्यांना आवळतं, जळजळतं, जीव घाबराघुबरा होतो. तुमची मालवणी तुमच्याकडे आहे, ती कॉलवर बोला. पुण्यात राहून प्रमाण मराठीत बोलू लागलात की आजी लगेच "होय साहेब, नाय साहेब" वर येतात आणि माहिती मिळणं थांबतं. धाप लागते का हे विचारण्यापेक्षा नातवंडांची नावं सांगायला लावा. एका दमात किती होतात, वाक्य कुठे तुटतं, हे कान देऊन ऐका. हे तंत्र फोनवरही चालतं.

डॉक्टरांच्या बाजूची अडचण म्हणजे भीती. २०१८ साली फोनवरून दिलेल्या औषधांचा प्रश्न कोकणातल्याच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि निदान न करता औषध लिहून देण्याबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरले. त्यानंतर इथल्या कितीतरी डॉक्टरांनी फोनवर काहीही सांगणं बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि चौकट स्पष्ट झाली. ती तुम्ही मुळातून वाचा. रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी अशा. नोंदणीकृत डॉक्टरला दूरस्थ सल्ला देता येतो आणि त्याचं शुल्कही घेता येतं. रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरली जाते, आरोग्य कर्मचाऱ्याने लावून दिला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. कॉल कुठल्या माध्यमातून झाला आणि पहिला आहे की पुढचा, यावर कुठली औषधं लिहिता येतील ते ठरतं. पहिल्या वेळी नुसत्या आवाजावर साध्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांपलीकडे फारसं जाता येत नाही. अनुसूची एक्समधली (कडक नियंत्रणाखालची) औषधं मुळीच लिहायची नाहीत. नोंद ठेवणं बंधनकारक आहे. आणि समोर बघितल्याशिवाय चालणार नाही असं वाटलं तर तसं सांगून थांबण्याचा अधिकार तुमचा आहे. तो वापरताना संकोच करू नका. आणीबाणीत प्रथमोपचार सांगायचे आणि रुग्णाला हलवायचं, एवढंच. माझ्या वहीत प्रत्येक कॉलखाली एक ओळ असते: काय तपासता आलं नाही. ही ओळ कोर्टासाठी म्हणून सुरू केली होती, पण तिचा खरा उपयोग मला उपचार करताना होतो.

पैशाबद्दल एकच सांगते. पूर्ण फुकट ठेवू नका. तुमच्या फुकट रविवारमुळे गावात आठवडाभर बसणाऱ्या डॉक्टरचं नुकसान होतं, आणि मंगळवारी रात्री ताप वाढला की रुग्णाला तोच लागतो. त्याला भेटा. गुंतागुंतीचे रुग्ण त्याने तुमच्याकडे कॉलवर आणावेत, त्याच्याच खोलीत, त्याच्याच फीमध्ये, आणि पुढचं बघणंही त्याच्याकडेच राहावं, असं ठरवता आलं तर रुग्णाच्या शेजारी बसणारं माणूस तुम्हाला तिथेच मिळालं.

काही आजारांत मात्र शेजारी माणूस नसणंच बरं. मानसिक आजारात दूर असणं मदत करतं. तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञाच्या पायरीवर कुणी बघेल या धाकाने जे कधीच गेले नसते ते फोनवर बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. आंब्याचा मोहोर गळाल्यावर कर्जाने खचलेल्या बागायतदारांना मी तो लिहून देते, फक्त बोलायला एकांत कुठे मिळेल हे आधी त्यांच्याशी ठरवून. स्थिरावलेला रक्तदाब, थायरॉईड, रिपोर्ट दाखवणं, शस्त्रक्रियेनंतर टाका बघणं, हेही फोनवर चांगलं होतं. ज्याला मी एकदा तरी समोर तपासलं आहे त्याच्याशी फोनवर बोलणं आणि ज्याला कधीच बघितलं नाही त्याच्याशी बोलणं, यात फार अंतर आहे. तुमचे ते टिकलेले दोन रुग्ण कोण होते? माझा अंदाज आहे की त्यांना तुम्ही कधीतरी सुट्टीत समोर बघितलं असेल.

तर पुन्हा सुरू करायचं असेल तर चाळीस रुग्णांपासून करू नका. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईला फोन करा. रक्तदाब आणि मधुमेहाचे दहा जण त्यांच्याकडून निवडून घ्या. औषध कुठून येणार आणि कुणाच्या हातून जाणार हे पहिल्या कॉलच्या आधी ठरवा. मग दोन दिवस रजा काढून या, त्या दहा जणांना उपकेंद्रात समोर बसवून तपासा, आणि त्या दोघी शेजारी असू द्या. कफ कुठे बांधायचा, पट्ट्यांची डबी कशी ठेवायची, डोळे कुठल्या उजेडात बघायचे, पोटरी कशी दाबायची, हे त्यांच्या हातून करून घ्या. गणपतीला गावी येईन तेव्हा करू, असं म्हणू नका. तोवर लावणी होऊन गेलेली असेल. मे महिन्यात या.